बिबटिणीची दवंडी

मित्रांनो, मी एक जुनं डफडं आहे. मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीत, बोरगावच्या पलीकडे, खैरझरी नावाच्या लहानशा गावात कवडू कोटवाराच्या ओसरीवर मी खुंटीला टांगलेला असतो. माझ्या कातड्याला कडेपासून मध्यापर्यंत एक लांब चीर आहे. ती कोणाच्या हातानं पडली यावर गावात आजही दोन मतं आहेत. मलाही अजून नीट ठरवता आलेलं नाही. तुम्ही ऐका आणि तुम्हीच ठरवा.

माझा जन्म पांढुर्ण्याचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं लाकडाची पट्टी भिजवून वाकवली, तिचं कडं केलं आणि त्यावर बकरीचं ओलं कातडं ताणून मला सावलीत वाळवलं. कवडूचा बाप मला घ्यायला आला तेव्हा त्यानं मला वाजवून पाहिलं, कानाशी धरलं, उन्हात फिरवून कातड्यात भोक आहे का ते बघितलं. चार वेळा खाली ठेवून पाचव्या वेळी उचललं. असा मी संशयातूनच या घरात आलो.

कोटवार म्हणजे गावात सरकारचा निरोप पोचवणारा माणूस. आधी बापानं आणि नंतर कवडूनं मला गळ्यात अडकवून गावभर फिरवलं. निघण्यापूर्वी काडीकचऱ्याचा जाळ करून ते मला शेकत. ऊब लागली की माझं कातडं ताणलं जाई आणि आवाज पार नाल्यापलीकडे पोचे. टोचणीवाले डॉक्टर येणार, ग्रामपंचायतीची सभा भरणार, कोणाचा बैल सुटला, सगळं आधी माझ्या तोंडून गावाला कळायचं. बाया हातातलं काम टाकून दारात येत. "कवडूचं डफडं खोटं बोलत नाही," असं म्हणत. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पण शिकारीसाठी जनावर उठवायचा हाकाही मी केलेला आहे, ते लपवून कसं चालेल? कवडू तेव्हा वीस वर्षांचा होता. शिकारबंदीचा कायदा अजून यायचा होता. नागपूरकडचे कोणी शिकारी पाहुणे आले होते. गावाच्या उत्तरेला एक नाला आहे, त्यात सिंदीच्या झाडांचं दाट बन आहे. कवडूनं मला वाजवत वाजवत त्या बनातून एक बिबटीण बाहेर काढली आणि पाहुण्यांनी ती पाडली. तिला बांधून न्यायला कवडूनं हात लावला, तेव्हा तिच्या पोटाशी त्याचे हात दुधानं ओले झाले. त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. पुढचे दोन दिवस नाल्यातून बारीक ओरडणं येत राहिलं. तिसऱ्या दिवशी ते थांबलं. कवडू ते ऐकत ओसरीवर बसून होता आणि मी त्याच्या डोक्यावर खुंटीला होतो.

त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. मग चौऱ्याऐंशी साल आलं. कापसाची वेचणी चालू होती, संत्र्याच्या बागांतून ट्रक भरून माल नागपूरकडे जात होता. एका सकाळी जंगलखात्याचे नाकेदार प्रभाकर सायकलवर आले. चाळीस गावं पायाखाली घातलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी कवडूला दवंडीचा मजकूर सांगितला. कवडूनं मला शेकलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि आम्ही निघालो.

"आयका हो आयका! नाल्यातल्या सिंदीबनात बिबट वियाली हाये, दोन पिल्लं हायेत! होळीपावतर कोनी तिकडं लाकडाले, गवताले जायाचं नाही! बकऱ्या कोठ्यात बांधाच्या, दार लावाचं! बिबटाले मारनं गुन्हा हाये, जेल होईन हो!"

इथपर्यंत मजकूर नाकेदारांचा होता. पुढचं वाक्य कवडूनं आपल्या मनचं जोडलं. "तिले तिचे लेकरं वाढवू द्या हो!"

आधी गाव हसलं. "बारशाले कधी बलावतं रे कवडू?" असं कोणी ओट्यावरून ओरडलं. कवडूही हसला. ते हसणं आठवडाभर टिकलं.

मोतीरामची गाभण बकरी गेली तेव्हा ते संपलं. मोतीराम हा आमच्याच आळीतला, तापट पण कष्टाळू माणूस. त्याच्याजवळ जमीन नव्हती, पाच बकऱ्या होत्या. कवडू मला पाठीवर टाकून तिथं गेला. कुंपणावर रक्त होतं, नाल्याकडे ओढत नेल्याची वाट स्पष्ट दिसत होती.

"तिनंच नेली," कवडू म्हणाला.

"मंग?" मोतीरामनं विचारलं.

कवडू वाकून कुंपणाची मोडलेली काटी सारखी करू लागला. मोतीराम त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात पहिल्यांदाच मला संशय दिसला.

पुढच्या पंधरवड्यात केसरबाईची बकरी गेली. त्यानंतर आणखी दोन. गावचे पटेल, म्हणजे पाटील, यशवंतराव यांच्या संत्र्याच्या बागेत चिंधू नावाचा राखणदार होता. तो दर वेळी शपथेवर सांगायचा, "माह्या डोळ्यानं पाह्यलं. तोंडात बकरी धरून समोरून गेली, मांजर उंदीर नेते तशी." लोक त्याच्याभोवती गोळा होत. सांगता सांगता बिबटीण वाढत गेली. आधी ती बकरीएवढी होती, पोळ्याच्या बैलाएवढी व्हायला तिला दोन आठवडे लागले.

मग कुजबूज सुरू झाली. ही बिबटीण इथली नाहीच. जंगलखात्यानं जीपमध्ये आणून सोडली. नाहीतर पिल्लं दोनच आहेत हे कवडूला कसं कळलं? तो मोजायला गेला होता काय? त्याच्या घरावर नवे कवेलू चढले, ते कुठून आले? खरं तर ते कवेलू, म्हणजे कौलं, शकुबाईच्या भावाच्या पडक्या घरावरचे होते. शकुबाई म्हणजे कवडूची बायको. कवेलू बैलगाडीतून उतरवताना अर्ध्या गावानं हात लावला होता. पण आता ते कोणाला आठवेना.

शकुबाई विहिरीवर गेली की बाया आपली पाण्याची गुंडं बाजूला सरकवत आणि गप्प होत. दुकानात कवडू शिरला की बोलणं तिथंच तुटे. मी गळ्यात असताना लोक माझ्याकडेसुद्धा तिरकं बघत. ज्या दारांतून बाया धावत बाहेर येत, ती दारं माझा आवाज ऐकून लागू लागली.

आणि खरं सांगू? कवडूलाही संशयाची बाधा झाली. केसरबाईच्या कोठ्यात तो गेला होता. एकटी विधवा बाई, दोन बकऱ्या. दावं खुंट्याला तसंच लोंबत होतं, त्याची गाठ सोडलेली होती. रक्ताचा एक थेंब नव्हता. आणि दाराची कडी बाहेरून लावलेली होती, असं केसरबाई स्वतःच सांगत होती.

"बिबट कडी लावून जाते काय, काकू?" कवडूनं विचारलं.

केसरबाई विचारात पडली. पण बाहेर उभ्या लोकांनी ते ऐकलं, आणि घटकाभरात गावात वेगळंच पोचलं. कवडू म्हणतो, गावातलेच लोक चोर आहेत! त्या दिवशी त्याच्या अंगणात एक दगड पडला. त्यानंतर तो नुसता बघत बसू लागला. मोतीराम सगळ्यांत जास्त ओरडतो, तो का ओरडतो? दुपारच्या वेळी तो पोतं घेऊन कुठं जातो? नाकेदार आठवडाभर फिरकले नाहीत, ते का? ओसरीवर बसून तो जाणाऱ्या-येणाऱ्याचे हात बघायचा. मला ते बघवत नव्हतं. ज्या गावाला आम्ही बारा महिने हाका मारल्या, त्या गावातला एकही माणूस त्याला आता सरळ दिसत नव्हता.

त्यातच पटेलांचं गोऱ्हं मेलं. ते मात्र बिबटिणीनंच मारलं होतं, मानेवरचे दात कोणालाही दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीसमोर सगळं गाव जमलं. यशवंतराव पटेल वाईट माणूस नव्हते. शाळेसाठी जागा त्यांनीच दिली होती. पण त्यांचा शब्द खाली पडलेला त्यांना आवडत नसे.

"उद्या हाका करू," ते म्हणाले. "नाल्याच्या त्या तोंडाशी बंदुकी ठेवू. कवडू, डफडं घेऊन ये."

"मालक, मी नाही येत."

"काहून?"

"तिच्यापाशी पिल्लं हायेत. अन् कायदाबी हाये."

"तू येऊ नको. डफडं दे. ते गावाचं आहे."

"माह्या बापानं पांढुर्ण्याहून खांद्यावर आनलं, मालक. गावाचं नाही."

कोणीतरी मागून ओरडलं, "जंगलखात्याचा कुत्रा हाये तो!" मोतीराम पुढं झाला आणि त्यानं माझा पट्टा धरला. "माही बकरी गेली, कवडू. पोटात दोन होते तिच्या. त्यायची दवंडी कोनं देल्ली?"

कवडूचा चेहरा उतरला. पण त्यानं पट्टा सोडवून घेतला. विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायचा हौद आहे, तिकडे तो चालू लागला. तो हात धुणार असं सगळ्यांना वाटलं. त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि पाण्यात दाबलं.

मित्रांनो, डफड्याला पाण्याची भीती असते. आयुष्यभर या माणसानं मला पावसात धोतराच्या सोग्याखाली झाकलं होतं, आणि आज तोच मला बुडवत होता. माझं कातडं पाणी पीत गेलं, मऊ झालं, लोंबलं. त्याच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळेना.

मला बाहेर काढून त्यानं माझ्यावर थाप मारली. ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा आवाज आला. "घ्या मालक. तीन दिवस वाजत नाही आता."

"दे इकडं!" मोतीराम म्हणाला. त्यानं मला हिसकलं आणि चहावाल्याच्या भट्टीवर धरलं. घाईघाईनं, अगदी निखाऱ्याजवळ. ओलं कातडं एकदम आखडलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज करत मी फाटलो. मोतीराम झटकन मागं सरला. मला जमिनीवर ठेवताना मात्र त्यानं हळूच ठेवलं, ते माझ्या लक्षात आहे.

"डबे वाजवू," पटेल म्हणाले. "उद्या सकाळी सगळ्यांनी या. अन् कवडू, तुझ्याविरुद्ध अर्ज तहसिलीत जाईल. नवा कोटवार बघू."

त्या दुपारी कवडूनं मला ओसरीवर टांगलं, बोरगावपर्यंत पायी गेला आणि तिथून सौंसरची बस धरली. जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन त्यानं सगळं सांगितलं. परत येऊन तो शकुबाईला एवढंच म्हणाला, "सांगून आलो." ती चुलीपुढून हललीसुद्धा नाही.

सकाळी लोक डबे, थाळ्या घेऊन नाल्यावर गेले, तर तिथं रेंजरसाहेबांची जीप उभी होती आणि शेजारी नाकेदार प्रभाकर. बंदुकी घरीच राहिल्या. हाका झाला नाही. पण रेंजरसाहेबांनी सगळ्यांसमोर कवडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "या माणसानं वेळेवर खबर दिली. असे कोटवार पाहिजेत." त्यांना ते कौतुक वाटलं. कवडूसाठी ती शिक्षा होती. त्या दिवसापासून त्याचं नाव 'खबऱ्या' पडलं.

शेजारच्या लग्नाचं बोलावणं सगळ्या आळीला आलं, आमच्या घराला आलं नाही. त्या दिवशी शकुबाईचा धीर सुटला.

"तुमाले बिबट जवळची हाये का मी?" ती म्हणाली. "ते तर जंगलात जाईन निघून. मले याच विहिरीवर पानी भराचं हाये."

कवडू तिच्याजवळ येऊन बसला. मग त्यानं तिला वीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट सांगितली. दुधाची, दोन दिवसांच्या ओरडण्याची. इतकी वर्षं संसार केला, पण हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. शकुबाई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हे गावाले काहून नाही सांगत?"

"सांगून काय? म्हनतील, नाटकं करून राहिला."

ती उठली, गुंड घेतलं आणि विहिरीवर गेली. त्या दिवशी बायांनी जागा दिली नाही तर तिनं आपली जागा आपणच करून घेतली.

माघ महिना लागला. आमचं घर गावाच्या टोकाला, नाल्याच्या रस्त्यावर आहे. एका दुपारी यशवंतरावांच्या बागेतून संत्र्यांनी भरलेला ट्रक आला आणि नाल्याच्या रेतीत रुतला. वर पेट्या, पेट्यांवर तणसाचा ढीग. ट्रकवर ड्रायव्हरशेजारी राखणदार चिंधू बसला होता, तो खाली उतरून उगाच घाई करू लागला. धक्का द्यायला माणसं जमली. मोतीराम होता. कवडूही ओसरीवरून उठून गेला. त्याच्या शेजारी कोणी खांदा लावेना, म्हणून तो एका बाजूला एकटाच ढकलू लागला. मी खुंटीवरून पाहत होतो.

ट्रक हिसका खाऊन पुढं सरकला, आणि तणसातून दबका आवाज आला. बकरीचा.

सगळे थांबले. चिंधू म्हणाला, "चाल, चाल! गाडी निघाली!" पण मोतीराम चाकावर पाय देऊन वर चढला होता. बकऱ्यांमध्ये राहणाऱ्या माणसाला आवाज ओळखायला कितीसा वेळ लागतो! त्यानं तणस उपसलं. पेट्यांच्या मधल्या पोकळीत तीन बकऱ्या पाय बांधून घातलेल्या होत्या. दोघींची तोंडं चिंधीनं आवळलेली होती, तिसरीची चिंधी सुटली होती. ती मोतीरामचीच होती. त्याच सकाळी ती दिसेना म्हणून त्यानं बिबटिणीला शिव्या दिलेल्या आम्ही ऐकल्या होत्या.

चिंधू पळाला नाही. पळायला जागाच नव्हती. लोक त्याच्यावर धावले तेव्हा मध्ये कवडू उभा राहिला. "हात नका लावू. ठाण्यात नेऊ," तो म्हणाला. तो कोटवार होता, आणि अर्जाचा निकाल अजून लागला नव्हता. यशवंतराव आले, आपल्याच बागेच्या ट्रककडे पाहिलं, आणि पगडी सारखी करत परत गेले. तहसिलीतला अर्ज त्यांनी पुढं रेटला नाही, आणि मागेही घेतला नाही.

कवडू मोतीरामजवळ गेला. "मले तुह्यावर संशय होता," तो म्हणाला. असं तोंडावर सांगायला काय लागतं, ते ज्याला सांगावं लागलं आहे त्यालाच ठाऊक.

मोतीराम खाली बघत बकरीचे पाय सोडत होता. "मलेबी होताच की तुह्यावर." मग एकदम मान वर करून म्हणाला, "पन माही गाभन बकरी तिनंच नेली. अन् पटेलाचं गोऱ्हं."

"हाव. तिनंच."

"मंग?"

"ती खात नाही असं मी कवा म्हनलं, मोतीराम? खाते. तरी मारू नका म्हनलं."

मोतीरामला ते पटलं असं नाही. बकरी खांद्यावर टाकून तो घरी गेला.

होळीच्या आधीच बिबटीण निघून गेली. नाकेदारांनी रेतीतली पावलं कवडूला दाखवली. एक मोठी, दोन लहान, डोंगराकडे गेलेली. गावानं त्याची माफी मागितली असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. विहिरीवर जागा मिळू लागली, लग्नाची बोलावणी येऊ लागली. पण 'खबऱ्या' हे नाव राहिलं, आणि कवेलूंचं कोडं काही लोकांना अजून सुटलेलं नाही. कवडूनं माझी चीर शिवून पाहिली, पण कातडं धरेना. तेव्हापासून तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर दवंडी देतो. डब्याला माझ्यासारखा आवाज नाही, हे मी हेव्यानं सांगत नाही.

पुढच्या वर्षी, पुन्हा वेचणीच्याच दिवसांत, उन्हं वर आल्यावर मोतीराम आमच्या अंगणात आला. एकटा. त्यानं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"नाल्यात पावलं हायेत," तो म्हणाला. "मोठी अन् बारकी. दवंडी दे."

कवडू त्याच्याकडे बघत राहिला. हा खरं सांगतो आहे, की आपल्याला नाल्यावर पाठवून तिथं कोणी टपून बसलेलं असेल, असं त्याच्या मनात आलं. गेल्या सालच्या सवयी इतक्या लवकर जात नाहीत.

"आनखी कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही. पयले तुलेच." थोडं थांबून मोतीराम म्हणाला, "माह्या बकऱ्या मी आत घेतल्या."

कवडूनं डबा उचलला. मी खुंटीवरून ऐकत राहिलो. डब्याचा खणखणाट चावडीकडे गेला, तिथून वरच्या आळीत. काही दारं लागली. काही उघडीच राहिली. कोणीतरी काहीतरी खवचट बोललं, आणि कवडूचा आवाज एवढासाही खाली आला नाही.

मित्रांनो, मी आता वाजत नाही, म्हणून तुमच्याजवळ एकच मागणं मागतो. मुक्या जिवाला मारू नका असं सांगत कोणी तुमच्या दारावरून गेला, तर त्याला त्यात काय मिळालं असेल याचा हिशोब लगेच करू नका. त्यानं काय पाहिलं आहे, ते त्याला एकदा घरात बसवून विचारा. आणि तुमच्या बकऱ्या आत घ्या, दाराची कडी लावा. जंगलातल्या आईला तिची पोरं वाढवायला एक हिवाळा पुरतो. तेवढा तिला द्या.